मरणाला अठरा टक्के

मरणावरही कर लागतो हे मला माझ्या साडभाऊंनी शिकवलं. कर कसा वाचवायचा हे शिकवणारेही तेच, त्यामुळे तक्रार करायला जागा उरली नाही.

साडभाऊ विमा एजंट आहेत. आमच्या भंडारा जिल्ह्यात घरटी एक एजंट असतो आणि तो हमखास बायकोकडचा असतो. आपल्याकडचा असता तर 'पुढच्या वर्षी पाहू' म्हणता आलं असतं. यांची मोटारसायकल तुमसरपासून लाखांदूरपर्यंत फिरते. रोवणी चालू असताना बांधीच्या धुऱ्यावर उभे राहून ते चिखलातल्या माणसाला मॅच्युरिटी समजावतात. मंडईच्या जत्रेत दंडारीचा खेळ ऐन रंगात आला की शेजारी बसलेल्याची जन्मतारीख विचारून घेतात. मयतीत तर त्यांच्याइतका उपयोगी माणूस नाही. लाकडं मोजून घेतील, घरच्यांना क्लेमचा फॉर्म भरून देतील, आणि परतीच्या वाटेवर कुणाच्या तरी खांद्यावर हात टाकून म्हणतील, "पाहा न भाऊ, परवा माझ्यासंग पानठेल्यावर उभा होता." या वाक्याला आजवर कुणाला उत्तर सुचलेलं नाही. तेरवीच्या आत त्या भाऊची पॉलिसी निघालेली असते.

माझ्याकडे त्यांचं येणं मार्चमध्ये. मी जिल्हा परिषदेचा शिक्षक. वर्षभर माझ्या जिवाचं कुणाला काही पडलेलं नसतं, पण आयकराचा तक्ता भरायला आला की घरात एकदम त्याची चौकशी सुरू होते. कलम 80 सी खाली दीड लाखाची वजावट पुरी करायची असते. भविष्य निर्वाह निधी, पोराची फी, सगळं लावून झालं तरी आकडा थोडा कमी पडतोच.

"किती कमी पडून रायले, गुरुजी?"

"अकरा हजार."

"मंग अकरा हजारापुरते मरा."

आणि मी सही करतो. कुठं करायची तिथं त्यांनी पेन्सिलीनं फुली मारलेली असते. फुलीच्या वर काय छापलंय आणि खाली काय, हे वाचणाऱ्या माणसाकडे एजंट संशयानं पाहतात, आणि ते बरोबरच आहे. नात्यात वाचून सही करणं शोभत नाही.

अशा किरकोळ मरणांचा एक गठ्ठा माझ्या कपाटात जमला. त्यातली एक पॉलिसी मुलीच्या लग्नासाठी होती. मुलीचं लग्न उरकून नातू अंगणवाडीत जायला लागला, ती मात्र अजून पिकायची आहे. दुसरी लग्नाआधीची, तिच्यावर नॉमिनी म्हणून आईचं नाव. एका दिवाळीत कपाट आवरताना ते सौभाग्यवतींच्या नजरेस पडलं.

"म्हणजे तुम्ही गेल्यावर पैसे सासूबाईले?"

"पण मी कुठं चाललो?"

"तसं नाही जी. आपलं विचारलं."

तिनं आपलं विचारलं तेव्हापासून मी जिन्याचा कठडा धरून उतरतो.

तर, कर. दवाखान्याच्या विम्याची पावती आली होती. दवाखान्याचा विमा ही साडभाऊंची नवी आवड. माणूस एकदाच मरतो, आजारी वर्षभर पडू शकतो, असा त्यांचा धंद्याचा विचार. मी चष्मा लावून पावती पाहिली तर हप्ता चाळीस हजार आणि त्याच्या खाली आणखी सात हजार दोनशे.

"भाऊजी, हे सात हजार कशाचे?"

"जीएसटी."

"पण मी हा विमा कर वाचवायला काढला न?"

"वाचून रायला न! 80 डी मध्ये वाचून रायला. वाचला त्याच्यावरचा हा कर आहे."

मी गणिताचा शिक्षक नाही, मराठीचा आहे. पण हे गणिताच्या सरांनाही विचारलं. ते वर्ग सोडून निघून गेले.

चौकशी करता कळलं की हे दुखणं जुनंच आहे. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला त्याच्या आधी सेवाकर होता, 15 टक्के. त्यात 14 टक्के मूळ कर, अर्धा टक्का स्वच्छ भारत उपकर आणि अर्धा टक्का कृषी कल्याण उपकर. म्हणजे मी नुसता मरायची तयारी करत होतो तरी देश स्वच्छ होत होता आणि शेतीचं कल्याण होत होतं. अंगात एवढं सामर्थ्य आहे याची मला कल्पना नव्हती. जीएसटी आल्यावर त्याचे 18 टक्के झाले आणि कल्याणाचा उल्लेख पावतीवरून गेला.

त्यातही तऱ्हा. ज्या पॉलिसीत पैसे परत मिळतात तिच्यावर पहिल्या वर्षी साडेचार टक्के, पुढच्या वर्षांत सव्वादोन टक्के. ज्या पॉलिसीत आपण मेलो तरच पैसे, जगलो तर काही नाही, त्या टर्म विम्यावर पुरे अठरा. साडभाऊंनी कारण सांगितलं ते असं की, बचतीच्या पॉलिसीत बराचसा पैसा आपलाच आपण ठेवायला दिलेला असतो, त्यावर कर कसा लावणार? कर लागतो तो जोखमीच्या सेवेवर. टर्म विमा म्हणजे निव्वळ जोखीम.

"म्हणजे जगणाऱ्याले सूट अन् मरणाऱ्याले पुरा दर?"

"मरणाऱ्याले काय फरक पडते, गुरुजी?"

याच काळात राज्य सरकारनं पिकाचा विमा एका रुपयात देऊ केला. 2023 च्या खरिपापासून शेतकऱ्यानं रुपया भरायचा, बाकीचं सरकार पाहील, आणि त्यावर जीएसटीही नाही. माझी दोन एकर धानाची बांधी आहे. तेव्हा परिस्थिती अशी होती की बांधीतल्या धानाचा विमा एक रुपया आणि धुऱ्यावर उभ्या असलेल्या धन्याचा सत्तेचाळीस हजार दोनशे. धान माझ्याकडे जरा वरून पाहतं आहे असं मला वाटायचं. 2025 च्या खरिपात ही योजना बंद झाली आणि आम्ही दोघं पुन्हा एका पातळीवर आलो.

बँकेच्या पासबुकात दरवर्षी मेअखेर दोन नोंदी उमटतात, 436 रुपये आणि 20 रुपये. एक जीवन ज्योतीचा विमा, दुसरा अपघाताचा. त्यांवरही कर नाही. आमच्या गल्लीत किमान चार माणसं दर जूनमध्ये बँकेत जाऊन "माझे चारशे छत्तीस कोणी काढले?" म्हणून भांडतात. आपला दोन लाखांचा विमा आहे हे कळल्यावर ती जास्तच चिडतात. घरात सांगू नका म्हणतात.

इंग्रजांच्या काळातही आपल्या जिवाची किंमत अशीच वरखाली होती. 1818 मध्ये कलकत्त्याला पहिली विमा कंपनी निघाली ती गोऱ्यांसाठी. पुढे हिंदी माणसांचे विमे घेऊ लागले तेव्हा त्यांच्याकडून हप्ता जास्त घेत. आपली माणसं लवकर मरतात असा त्यांचा अनुभव होता, त्याला कारण कोण हा भाग वेगळा. सारख्या दरानं विमा दिला तो मुंबईच्या बॉम्बे म्युच्युअलनं, 1870 च्या सुमारास. मग जानेवारी 1956 मध्ये आपल्या चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्री म्हणून वटहुकूम काढून दोनशेच्या वर कंपन्या एका झटक्यात सरकारच्या ताब्यात घेतल्या आणि 1 सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ सुरू झालं. दोनच महिन्यांनी, 1 नोव्हेंबरला, आमचा भंडारा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला. म्हणजे आम्ही महाराष्ट्राच्या वाटेला लागलो तेव्हा एजंट आधीच येऊन बसलेले होते.

कराविरुद्ध पहिला मोठा आवाज उठला तोही आमच्याच बाजूनं. नागपूर विभागातल्या आयुर्विमा कर्मचाऱ्यांच्या संघटनेनं नितीन गडकरींना निवेदन दिलं आणि गडकरींनी 28 जुलै 2024 रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांना पत्र लिहून जीवन आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी काढावा असं सुचवलं. आयुष्यात उद्या काय होईल याचा भरवसा नाही म्हणून माणूस विमा काढतो, आणि तुम्ही त्या भरवसा नसण्यावरच कर लावता, असा पत्राचा रोख होता. खाम तलावाजवळच्या पानठेल्यावर या पत्राचं दोन दिवस वाचन झालं.

"रस्त्याच्या मंत्र्याचा विम्याशी काय संबंध जी?"

"रस्त्याचाच तं संबंध आहे! तुम्ही साकोलीवरून रात्री गाडी चालवून या, मंग समजते."

विरोधी पक्षांनी संसदेच्या दारात फलक धरले. अर्थमंत्र्यांनी सभागृहात सांगितलं की हा कर जीएसटीच्या आधीही होता आणि यातला मोठा वाटा राज्यांनाच जातो. तेही खरंच. 2023-24 या एका वर्षात नुसत्या आरोग्य विम्याच्या हप्त्यांतून 8 हजार कोटींच्या वर जीएसटी जमा झाला होता. त्यात माझे सात हजार दोनशे होते. मी घरात जरा ताठ बसायला लागलो.

मग आपल्या देशात जे होतं ते झालं. मंत्र्यांचा गट नेमला. गटानं विचार केला. डिसेंबर 2024 मध्ये जैसलमेरला जीएसटी परिषदेची बैठक भरली. साडभाऊ सकाळपासून मोबाइल धरून बसले. रात्री बातमी आली की विम्याचा विषय पुढं ढकलला. पण बैठक वाया गेली नव्हती. पॉपकॉर्नचा प्रश्न सुटला होता. खारं, सुटं पॉपकॉर्न असेल तर 5 टक्के, तेच पाकीटबंद असेल तर 12, आणि साखरेच्या पाकात घोळलेलं असेल तर 18. एवढा बारीक विचार सरकार करू शकतं याचा मला अभिमान वाटला. आणि मग ध्यानात आलं की साखरेचं पॉपकॉर्न आणि माझं हृदय एकाच रांगेत उभी आहेत. डॉक्टरांनी साखर बंद केली तेव्हा मी त्यांना हे सांगून पाहिलं. त्यांनी रक्तदाब पुन्हा मोजला.

3 सप्टेंबर 2025 च्या रात्री मात्र साडभाऊंचा फोन आला तो थेट आरोळीनं. "झिरो! गुरुजी, झिरो!" वैयक्तिक जीवन आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी पूर्ण माफ झाला होता. मी आनंदानं विचारलं, कधीपासून? तर बावीस सप्टेंबरपासून.

बावीस सप्टेंबर म्हणजे घटस्थापना. त्याच्या आधी पितृपक्ष. माझ्या दवाखान्याच्या विम्याची मुदत संपत होती 7 सप्टेंबरला, भाद्रपद पौर्णिमेला, आणि त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं. ज्योतिषी, अर्थमंत्री आणि विमा कंपनी यांनी एकत्र बसून ठरवलं असतं तरी यापेक्षा चांगला मुहूर्त निघाला नसता.

साडभाऊंनी तोडगा काढला. "आता भरायचेच नाही. तीस दिवसांचा ग्रेस पिरेड राहते. बावीसले भरू. सात हजार दोनशे खिशात."

"आणि मधल्या दिवसांत मला काही झालं तर?"

"वार्षिक हप्ता असला का मधातल्या दिवसाचा क्लेम भेटत नाही," ते म्हणाले. "तुम्ही काही होऊ देऊ नका."

काही न होऊ देण्याचं काम सौभाग्यवतींनी अंगावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून माझी मोटारसायकल बंद. शाळेला एसटीनं, तेही खिडकीपासून लांबच्या बाकावर. कारध्याच्या पुलावर उभं राहून वैनगंगेचं पाणी पाहायची माझी जुनी सवय, ती सुटली. पावसानं अंगणात शेवाळ धरलं होतं, तिथं पोत्यांचा रस्ता तयार झाला. पितृपक्षात घरोघरी जेवायची बोलावणी असतात. वडे, खीर, कढी, भाजी असा तो थाट. माझ्या ताटात दरवेळी एक वडा पडायचा आणि यजमानीणबाई काही म्हणायच्या आत आमच्याकडून खुलासा जायचा, "बावीसपर्यंत नको जी. त्यांचा विमा संपला आहे." पंगतीतली माणसं माझ्याकडे अशी पाहायची की जणू माझ्या नावाचंच पान वाढलंय.

शेजारच्या काकांनी तर आत येऊन समजावलं. "गुरुजी, पितृपक्षात विम्याची गोष्टच काढू नये. वरच्यांना वाटते, पोरगा तयारीत आहे."

आणि नेमका मला खोकला झाला. साधा, पावसाळी. पण त्या घरात त्या पंधरवड्यात साधा खोकला नव्हताच. पहिल्यांदा खोकलो तेव्हा स्वयंपाकघरातलं भांडं पडलं. मग मी गोठ्यात जाऊन खोकायला लागलो. डॉक्टरकडे जायची सोय नव्हती, कारण साडभाऊंचं म्हणणं, चिठ्ठीवर तारीख पडते, उद्या कंपनी म्हणेल आजार जुना होता. त्यामुळे मला गवती चहा, अडुळसा, हळदीचं दूध आणि भिंतीकडं तोंड करून गप्प राहणे एवढे चार उपचार उपलब्ध होते. गावातले निम्मे लोक याच अवस्थेत असावेत. कुणी गाडी घ्यायची थांबला होता, कुणी एसी. सगळ्यांचेच कर बावीसला उतरणार होते. पण एसी न घेणाऱ्याला निदान खोकायची मुभा होती.

घटस्थापनेच्या सकाळी घट बसले, आरती झाली, आणि आम्ही दोघं साडभाऊ प्रसाद खिशात घालून कंपनीच्या कार्यालयात हजर झालो. काउंटरवर एक पोरगी होती, माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची. तिनं कळफलक बडवला.

"सत्तेचाळीस हजार दोनशे, सर."

"चाळीस हजार. आज बावीस तारीख आहे."

"हो सर, पण तुमची ड्यू डेट सात. बिल तेव्हाच निघालं आहे. कर बिलाच्या तारखेचा लागतो."

साडभाऊंनी आयुष्यात पहिल्यांदा खिशातलं माहितीपत्रक काढून स्वतः वाचायला सुरुवात केली. मी खोकलो. पंधरवड्यातला पहिला मोकळा, मनसोक्त खोकला.

"सर, तब्येत बरी नाही का?" पोरीनं विचारलं.

"एकदम ठणठणीत आहे!" साडभाऊ ओरडले आणि मला बाहेर ओढलं. शेवटी सत्तेचाळीस हजार दोनशे भरूनच आम्ही घरी आलो.

यंदा मात्र करमाफी लागणारच, असं म्हणून मी साडभाऊंना आधीच पुढच्या हप्त्याचा अंदाज काढायला सांगितला. त्यांनी काढला. कर शून्य. मूळ हप्ता शेहेचाळीस हजार.

"हे सहा हजार कशाचे?"

"वयाचे. तुम्ही पुढच्या गटात गेले न."

साठीच्या वरच्या माणसाचा हप्ता वर्षात दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर नियामकाला विचारावं लागतं, असा आदेश जानेवारी 2025 मध्ये निघाला आहे. मी साठीच्या आतला. म्हणजे तरुण असल्याचा पहिला तोटा मला या वयात कळला.

पण साडभाऊंचा चेहरा माझ्याहून पडलेला होता. कारण त्यांनी चहा घेताना सांगितलं. पूर्वी कंपनी आमच्याकडून अठरा टक्के घेई, आणि स्वतः जागेच्या भाड्यावर, जाहिरातीवर, एजंटच्या कमिशनवर जो कर भरी तो त्यातून वळता करून घेई. आता आमच्याकडून घ्यायचंच काही नाही, तर वळतं कशातून करणार? आपल्या खर्चावरचा कर कंपनीच्या अंगावर बसला. तो अंगावरून झटकायचा तर हप्ता वाढवा, नाहीतर कमिशन कापा. माफीनंतर महिन्याभरात बऱ्याच कंपन्यांनी कमिशन कापलं.

"म्हणजे माझा कर तुमच्या खिशातून गेला?"

"तसंच समजा," ते म्हणाले. "वरून टीडीएस आहेच. तो पाचाचा दोन टक्के झाला एवढं एक बरं झालं."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्यांची दया आली, आणि त्या भरात आणखी एक पॉलिसी निघणार होती. पण आयकराची नवी पद्धत आडवी आली. तिच्यात 80 सी नाही, 80 डी नाही, असल्या वजावटींचा प्रश्नच नाही. त्यामुळे मार्चमध्ये किती कमी पडून राहिले हे विचारायची सोयच गेली. साडभाऊ नुसतेच येऊन बसले, चहा प्यायले, आणि पहिल्यांदा मला म्हणाले, "तब्येत कशी आहे?" सौभाग्यवतींना ते इतकं विचित्र वाटलं की तिनं ताईंना फोन करून भाऊजींचीच तब्येत विचारली.

ज्यांचा हप्ता जवळ आला आहे त्यांनी पावतीवरचं करापुढचं शून्य पाहून खूश होण्याआधी मागच्या वर्षीची पावती काढावी आणि मूळ हप्ता मूळ हप्त्याशी लावून पाहावा. आणि ज्यांचा विमा नोकरीच्या ठिकाणी किंवा पतसंस्थेत गटानं काढलेला आहे त्यांनी पाहायचीही तसदी घेऊ नये, कारण माफी फक्त वैयक्तिक पॉलिसीला आहे. आमच्या पतसंस्थेचा गटविमा आणि साखरेत घोळलेलं पॉपकॉर्न अजून 18 टक्क्यांतच आहेत.